फुटबॉल खेळणारी मुले आणि त्यांची वाढ



ऊस डोक्याच्या वर गेला म्हणून आपण लगेच कोयता लावत नाही. लागणीची तारीख बघतो, जात बघतो, शेती खात्याचा माणूस येऊन ब्रिक्स बघतो. शेंड्याकडच्या आणि बुडख्याकडच्या कांड्यांतला रस जवळपास सारखा आला, की मग तोड. उंच ऊस म्हणजे पक्व ऊस नव्हे, हे आपल्या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. पण तेच पोर फुटबॉलच्या निवडीला रांगेत उभे राहिले, की आपण हा हिशोब साफ विसरतो. जो उंच तो संघात, जो बुटका तो घरी!

आपल्या कोल्हापूर भागात फुटबॉलचे वेड नवे नाही. शाहू स्टेडियमवर तालमींचे सामने असले की गावागावांतून माणसे जातात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून तर खेड्यातल्या पोरांच्याही पायात बूट आले. म्हणून वाढत्या वयातल्या शरीरात काय घडते, हे आई-वडिलांनी आणि संघ चालवणाऱ्यांनी समजून घेणे जरूर आहे.

एक वय, दोन शरीरे

दहाव्या-अकराव्या वर्षी मुलगा वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढतो. मग वाढीचा झपाटा येतो. पाटलोण सहा महिन्यांत तोकडी होते, आवाज फुटतो, मिसरूड दिसू लागते. ऐन झपाट्यात मुलगा वर्षाला ९ ते १० सेंटिमीटर उंची घेतो. मुलग्यांत हा काळ सरासरी १४ व्या वर्षाच्या आसपास येतो, मुलींत १२ व्या वर्षाच्या आसपास.

पण ही झाली सरासरी. एखाद्याला झपाटा बाराव्या वर्षीच येतो, एखाद्याला सोळाव्या. उसात जशी लवकर पक्व होणारी जात असते आणि उशिरा पक्व होणारी असते, तसेच हे. त्यामुळे तेरा वर्षांच्या दोन मुलांत एकाचे शरीर पंधरा वर्षांच्या पोराचे आणि दुसऱ्याचे अकरा वर्षांच्या पोराचे असू शकते. दाखल्यावरचे वय एकच, हाडांचे वय वेगळे.

आपला मुलगा कुठल्या टप्प्यावर आहे, याचा ढोबळ अंदाज घरीच काढता येतो. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर त्यात १३ सेंटिमीटर मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि निम्मे करा. समजा वडील १६८ आणि आई १५५ सेंटिमीटर. बेरीज ३२३, अधिक १३ म्हणजे ३३६, निम्मे १६८. मुलगा मोठेपणी साधारण एवढा होईल. आठ-नऊ सेंटिमीटर इकडे-तिकडे धरा. आता हा मुलगा तेराव्या वर्षी १४२ सेंटिमीटर असेल, तर त्याची ८५ टक्क्यांच्या आसपास वाढ झाली. म्हणजे झपाटा अजून यायचा आहे. तशाच आई-वडिलांचा दुसरा मुलगा तेराव्या वर्षीच १६० असेल, तर त्याची ९५ टक्के वाढ झालेली आहे. झपाट्याचा जोर ओसरला. आज मैदानात दुसरा पहिल्याला ढकलून चेंडू नेईल. पण ही ताकद खेळाची नव्हे, वयाची. चार वर्षांनी दोघे बरोबरीला येतात.

लहान चणीचे पोर हाकलू नका

यात आणखी एक गोम आहे. वयोगटाची मोजणी १ जानेवारीपासून असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरवाल्यापेक्षा अकरा महिन्यांनी मोठा असूनही दोघे एकाच गटात खेळतात. युरोपातल्या क्लबांच्या मुलांच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा पुष्कळ जास्त असतो, असे वारंवार दिसून आले आहे. डिसेंबरात जन्मलेल्यांना खेळ येत नाही असे थोडेच आहे? निवडणाऱ्यांची नजर फसते, एवढेच.

इंग्लंडचा जेमी वार्डी सोळा वर्षांचा असताना चणीने लहान म्हणून शेफील्ड वेन्सडे क्लबने त्याला सोडून दिले. तो कारखान्यात नोकरी करत खालच्या दर्जाच्या संघांतून खेळत राहिला. २०१२ साली लेस्टर सिटीने त्याला घेतले आणि २०१६ साली त्या संघाने प्रीमियर लीग जिंकली, तेव्हा वार्डीचे २४ गोल होते. वार्डी चिकाटीने टिकला. असे न टिकलेले किती असतील, त्यांची कुठे नोंद नाही.

म्हणून इंग्लंडमधल्या मोठ्या क्लबांनी २०१५ पासून एक प्रयोग केला. अधूनमधून काही सामने दाखल्यावरच्या वयाने न खेळवता, पूर्ण उंचीच्या किती टक्के वाढ झाली यावर गट पाडून खेळवायचे. मग दांडग्या पोरांना नुसत्या धक्क्यावर निभावता येईना, त्यांना डोके आणि पाय वापरावे लागले. आणि उशिरा वाढणाऱ्यांना आपले कसब दाखवायला जागा मिळाली. हे करायला पैसा लागत नाही. गावातल्या संघालाही जमेल.

झपाट्याच्या काळातली दुखणी

वाढ सगळीकडे एकदम होत नाही. आधी पावले, मग पाय, मग धड, आणि ताकद सर्वांत शेवटी. त्यामुळे काल चेंडू झकास अडवणारे पोर आज अडखळते. ते आळशी झाले नाही. पाय लांब झालेत, त्यांचा अंदाज यायला वेळ लागतो. अशा वेळी त्याला बोल लावू नये.

हाड झपाट्याने लांबते, स्नायू मागे राहतात. मग गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला ओढ बसून तिथे दुखते, टेंगूळ येते. लहान वयात टाच दुखते तीही अशाच ओढीने. ‘दुखतंय ते घालव खेळून’ असे म्हणू नका. उड्या आणि पळणे कमी करा, बर्फ लावा, दोन संघांकडून खेळवू नका. लंगडत असेल, रात्री झोपमोड होत असेल किंवा सूज असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

जोर-बैठकांनी उंची खुंटते हा समज खोटा आहे. जाणत्याच्या नजरेखाली, बेताने केलेला व्यायाम चांगलाच. मात्र ईर्ष्येने जड वजने उचलणे या वयात नको.

घरी काय करावे?

दर तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी, मुलाला अनवाणी भिंतीला टेकवून उंचीची खूण करा आणि तारीख लिहा. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढ दिसली, की झपाटा सुरू झाला असे समजा आणि सराव हलका करा. रोज नऊ तास झोप, दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे, पालेभाजी एवढे पुरे. उंची वाढवण्याच्या पावडरींवर पैसे घालू नका. मेस्सीला लहानपणी इंजेक्शने दिली हे खरे, पण त्याला हार्मोनच्या कमतरतेचा आजार होता. ते काम तज्ज्ञ डॉक्टरांचे.

मुलींचा झपाटा दोन वर्षे आधी येतो आणि त्यानंतर साधारण वर्षभराने पाळी सुरू होते. पाळी आली म्हणून खेळ बंद करायचे कारण नाही. रक्त कमी नाही ना, एवढे तपासून घ्या.

शेवटचे, आणि जरा कडू. आपल्याकडे एके काळी शाळेत घालताना मास्तर सगळ्यांना १ जून ही जन्मतारीख देत. तेव्हा ती अडचण होती; आज खेळासाठी वय लपवणे ही लबाडी आहे. मनगटाच्या तपासणीत हाडे जुळली की बिंग फुटते. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ही तपासणी ठेवली आहे. शिवाय वय चोरलेला मुलगा नेहमी लहानांशीच खेळतो आणि खरा खेळ शिकायचा राहून जातो. आणि ज्याची जागा त्याने घेतली, ते उशिरा वाढणारे पोर घरी बसते. तेही आपल्यातल्याच कुणाचे तरी असते.

उसाला आपण बारा, चौदा, आडसालीला अठरा महिने थांबतो. पोरासाठी दोन वर्षे थांबायला काय हरकत आहे?