पत्ता नाही, म्हणून पाणीही नाही!

मुंबई (प्रतिनिधी) : घरातील नळ सकाळी तासभर कोरडा राहिला, तरी आपण अस्वस्थ होतो. पदपथावर किंवा उड्डाणपुलाखाली संसार मांडणाऱ्यांच्या वाट्याला तो नळच येत नाही. २०११च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघरांची नोंद झाली. त्यांपैकी ९ लाख ३८ हजार शहरांत होते. एकट्या मुंबईत ही संख्या ५७ हजारांहून अधिक होती.

हा प्रश्न केवळ पाणीटंचाईचा नाही. नळजोडणी पत्त्यावर मिळते आणि पत्ता कागदपत्रांनी सिद्ध करावा लागतो. ज्याला घरच नाही, त्याने अर्ज कोणत्या पत्त्यावरून करावा? मग पाणी कुठे मागून आणावे लागते, कुठे विकत घ्यावे लागते.

शौचालयाचेही तसेच. एका वापराचे ५ रुपये धरले आणि चौघांच्या कुटुंबातील प्रत्येकाने दिवसातून दोनदा वापर केला, तर रोजचे ४० आणि महिन्याचे १,२०० रुपये होतात. अंघोळीचा खर्च वेगळाच. मुंबईतील सदनिकाधारक कुटुंबाची पाणीपट्टी सहसा याहून कितीतरी कमी असते. म्हणजे ज्याच्यापाशी सर्वांत कमी, त्यालाच सर्वाधिक मोजावे लागते. रात्री शौचालयाला टाळे लागले, तर पैसे देऊनही उपयोग नसतो. त्यामुळे अनेक स्त्रिया सायंकाळनंतर पाणी पिणेच टाळतात आणि मूत्रमार्गाचे विकार ओढवून घेतात.

पाण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४मध्ये स्पष्ट केले. परंतु तो निर्णय अनधिकृत झोपड्यांसंबंधी होता. जुलै २०२१मध्ये बेघरांविषयीच्या याचिकेवर, सर्व काही शासनाने पुरवावे अशी अपेक्षा ठेवता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले; मात्र सार्वजनिक शौचालये त्यांना मोफत वापरू देण्याचा विचार करावा, असेही शासनास सांगितले.

२०१३मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात दर लाख लोकसंख्येमागे १०० जणांसाठी पाणी व शौचालयासह निवारा अपेक्षित होता. २०११च्या लोकसंख्येनुसार मुंबईत असे सुमारे १२४ निवारे हवे होते. प्रत्यक्ष संख्या त्याच्या जवळपासही पोहोचली नाही.

निवारे उभारण्यास जागा आणि निधी लागतो. बेघरांना शौचालयाचे शुल्क माफ करणे, ती रात्रभर उघडी ठेवणे आणि वर्दळीच्या ठिकाणी सार्वजनिक नळ बसविणे यासाठी मात्र मुख्यतः प्रशासनाची इच्छाशक्ती पुरेशी आहे. वाटसरूसाठी पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या या शहराला एवढे अवघड का वाटावे?