पऱ्हाटीचा कांडीकोळसा

परभणी जिल्ह्यात कापसाची वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून बांधावर रचतात किंवा शेतातच पेटवितात. या दोन्ही रीती हानिकारक होत. रचलेल्या पऱ्हाट्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते व पुढील हंगामात पिकावर उतरते. २०१७ साली तिने महाराष्ट्रात केलेली नासाडी शेतकरी विसरलेले नाहीत. पेटविल्यास हेक्टरी सुमारे २ ते ३ टन इंधन वाया जाते. याच पऱ्हाटीचा कांडीकोळसा करता येतो.

कृती : वेचणी संपताच शेतात शेळ्यामेंढ्या सोडाव्यात, त्या उरलेली बोंडे खाऊन टाकतात. नंतर पऱ्हाट्या उपटून मुळांची माती झटकावी. माती राहिल्यास यंत्र झिजते व राख वाढते. पऱ्हाटीचा यंत्राने भुसा करून तो उन्हात वाळवावा. ओलावा ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावा. तो अधिक असल्यास वाफ कोंडून कांडी फुटते. दट्ट्याच्या यंत्रात हा भुसा प्रचंड दाबाने साच्यातून रेटला जातो. घर्षणाच्या उष्णतेने पऱ्हाटीतील लिग्निन मऊ होते व तेच डिंकाचे काम करते. त्यामुळे निराळा चिकट पदार्थ मिसळावा लागत नाही. कांड्या साधारणतः ६० ते ९० मिलिमीटर जाडीच्या निघतात.

उपयोग : एका किलोपासून सुमारे ३,५०० ते ४,००० किलोकॅलरी उष्णता मिळते. राख दगडी कोळशाहून पुष्कळ कमी पडते. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये हे इंधन चालते. चुलीत वापरताना कांडीचे तुकडे करावेत, खाली जाळी ठेवून हवा खेळू द्यावी व काटक्यांनी पेटवावे. धूर मुळीच होत नाही, असे मात्र समजू नये. पाणी लागल्यास कांडी फुगून भुगा होते. म्हणून साठा छपराखाली, फळ्यांवर रचावा.

व्यवस्था : हे यंत्र महाग असून त्यास मोठी वीजशक्ती लागते. एकट्याने ते घेण्यापेक्षा शेतकरी गटाने घ्यावे, अथवा जवळच्या कारखान्यास पऱ्हाटी विकावी. दर ठरविताना ओलावा मोजून घ्यावा, म्हणजे वजनावरून तंटा होणार नाही. तुराट्याही याच कामी येतात. सोयाबीनचे भूस मात्र गुरांसाठी व खतासाठी राखावे आणि पऱ्हाटीची पाने शेतातच पडू द्यावीत. जमिनीचा वाटा जमिनीस मिळालाच पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी वेचणी संपण्यापूर्वीच गावातील पऱ्हाटीचा अंदाज घेऊन खरेदीदाराशी बोलणी करावीत. शेत वेळेवर मोकळे झाले, तरच इंधनाचे पैसे व अळीचा बंदोबस्त ही दोन्ही कामे साधतील.