डोकं राहू दे

मेनूकार्डावर पापलेटसमोर आकडा नव्हता. 'साइजप्रमाणे' एवढंच छापलेलं. वेटरला विचारलं तर म्हणाला, "मोठं आहे सर, बाराशे." पाहुणे सोबत होते, म्हणून मान डोलावली. रवा लावून खरपूस तळलेला मासा आला, वर लिंबाची फोड, कडेला कांद्याच्या चकत्या. पहिला घास छान लागला. दुसऱ्या घासाला जिभेला बारीक काटा टोचला आणि मी थांबलो.

पापलेटाला असे काटे नसतात. मधला कणा आणि त्याला चिकटलेले काटे फणीसारखे अख्खे उचलून बशीच्या कडेला ठेवता येतात. आमच्या घरी लहान मुलांना पहिला मासा भरवायचा तो पापलेटच, तो याचसाठी. या बशीतल्या मांसात मात्र बेचकीच्या आकाराचे सुटे काटे निघत होते. मी डोक्यावरचा रवा खरवडला आणि चमच्याच्या टोकाने ओठ उघडला. आत दात. चांगले चपटे, माणसाच्या दाढांसारखे.

रूपचंद! मूळचा दक्षिण अमेरिकेतला पाकू, गोड्या पाण्यातला, आता आपल्याकडे तळ्यांत वाढवला जाणारा. बाजारात काही जण त्याला 'रूपचंद पापलेट' म्हणतात आणि हॉटेलच्या मुदपाकखान्यापर्यंत पोचता पोचता त्यातला रूपचंद गळून पडतो. मासा वाईट नाही, मसाल्यात चांगला लागतो. पण तो बाराशेचा नव्हे. मॅनेजरने सप्लायरवर खापर फोडलं आणि बिल निम्मं केलं. निम्म्यातही तो महागच पडला.

दात बघायची खोड मला भाऊच्या धक्क्यावर लागली. पहाटे पाचच्या सुमाराला तिथे पायाखाली बर्फाचं पाणी असतं आणि कानाशी लिलावाचा गलका. मी नेहमी जिच्याकडून मासे घेतो त्या मावशीने पहिल्याच भेटीत माझ्या हातातला मासा उलटा केला. "पोटाखाली बघ, दादा. पापलेटाला तिथं पर नसतात." मग कल्ल्यापाशी अंगठा दाबला. पांढरं पाणी आलं तर ताजा, तांबडं आलं तर खाली ठेव. हलव्याला मेनूकार्डं 'ब्लॅक पाँफ्रेट' म्हणतात, पण तो पापलेटाच्या कुळातलाच नाही. त्याच्या शेपटीच्या मुळाशी बोट फिरवलं तर खरखरीत कड लागते, पापलेट तिथे गुळगुळीत असतो.

मावशीची ही सगळी विद्या अख्ख्या माशावर चालते. कातडी सोलली, काटे काढले, दह्या-मसाल्यात तुकडे बुडवले की संपली. म्हणून खरी गोम 'बोनलेस'मध्ये असते. रावस टिक्का म्हणून जे येतं त्यात कित्येकदा बासा असतो. व्हिएतनाममधून गोठवून येणारा, आता आपल्याकडेही पाळला जाणारा पंगस, भावाने रावसाच्या कितीतरी खाली. तोंडात मात्र फरक कळतो. रावसाच्या मोठ्या पाकळ्या सुटतात, किंचित गुलाबीसर, चावताना धरून राहणाऱ्या. बासा पाणी सोडतो आणि जिभेवर मऊ लगदा होतो, चव सगळी मसाल्याची. गंमत म्हणजे या रावसालाही इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात आणि सॅमनशी त्याचं काडीचं नातं नाही.

आता भावाचं. हॉटेलवाले लुटतात, हे म्हणणं सोपं आहे. मी एकदा हिशेब करून पाहिला. धक्क्यावरून दोन किलो चारशे ग्रॅमची सुरमई ९०० रुपये किलोने घेतली, म्हणजे २,१६० रुपये. डोकं, शेपूट, आतडी गेल्यावर तुकड्या भरल्या एक किलो सातशे. तुकड्यांचा भाव तिथेच १,२७० रुपये किलो झाला. सव्वाशे ग्रॅमची एक तुकडी साधारण १६० रुपयांची. त्यावर तेल, गॅस, पगार, मुंबईतलं भाडं आणि संध्याकाळी न खपलेल्या तुकड्यांचं नुकसान. कच्च्या मालाच्या तिप्पट भाव हा हॉटेलधंद्यातला ढोबळ ठोकताळा धरला, तर ४८० रुपयांची तुकडी मला रास्त वाटते. साडेआठशेची वाटत नाही. आणि बशीत नखभर जाडीची तुकडी आली तर ४८० सुद्धा जास्त. डोक्याचं कालवण हॉटेल वेगळं विकतं, ते मी हिशेबात धरलेलंच नाही.

'साइजप्रमाणे'तही मुळात लबाडी नाही. पापलेट जितकं मोठं तितका त्याचा किलोचा भावच चढतो, कारण मोठी पापलेटं जाळ्यात कमी यायला लागली आहेत. २०२३ साली राज्याने चंदेरी पापलेटाला राज्यमासा केलं त्यामागेही हीच काळजी होती. फक्त वजन विचारावं. "मोठं आहे सर" हे काही वजन नव्हे. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असताना कुणी 'आजचीच सुरमई' म्हणालं, तर कुठल्या किनाऱ्यावरची तेही विचारावं.

गेल्या महिन्यात एका भारी हॉटेलात 'एशियन सी बास' दिसला. भाव पाहून बायकोने कार्ड मिटलं. मी वेटरला म्हटलं, मासा ट्रेवर दाखवा. आला तो जिताडा! रायगडातल्या खाजणांत आणि तळ्यांत वाढणारा, अलिबाग-पेणकडे कामं करून घ्यायला साहेबांच्या घरी पोचवला जाणारा जिताडा. गोव्यात चोणक, बंगालात भेटकी, परदेशी मेनूवर बारामुंडी. डोळे चकचकीत होते, कल्ला लालभडक. वजन सांगितलं सव्वा किलो. मनात तिप्पट करून पाहिलं, फार जास्त नव्हता.

"ग्रिल करताना डोकं काढून टाकू सर?" वेटरने विचारलं.

"नको, राहू दे," मी म्हटलं. "आणि शेपटीला ही एवढी खाच मारा."

त्याने सुरी आणून माझ्यासमोर खाच मारली. बायको दुसरीकडे बघत होती.