भाजलेल्या मुलांना रुग्णालयात होणारा जंतुसंसर्ग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मोठ्या प्रमाणात भाजलेले मूल पहिल्या दोन-तीन दिवसांतून तरले, की त्याच्या जिवाला सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गाचा असतो. दाखल होताना शरीरात नसलेला आणि दाखल झाल्यावर ४८ तासांनी किंवा त्यानंतर दिसू लागलेला संसर्ग हा रुग्णालयजन्य मानतात. भाजलेल्या मुलांत तो मुख्यतः चार वाटांनी येतो: उघड्या जखमेतून, शिरेत घातलेल्या नळीतून, व्हेंटिलेटरच्या नळीतून आणि लघवीच्या नळीतून. यातल्या बऱ्याच वाटा अडवता येतात. मात्र कोणत्या वाटेवर पहारा हवा, याविषयी नातेवाइकांत आणि कधी कधी वॉर्डातही चुकीच्या समजुती घट्ट बसलेल्या असतात.

जंतू हवेतून येतात, म्हणून एसीच्या बंद खोलीत ठेवले की मूल सुरक्षित, ही त्यातली सर्वांत रूढ समजूत. स्वतंत्र खोलीचा उपयोग असतो, पण बहुतेक जंतू मुलाच्या स्वतःच्या शरीरातून आणि माणसांच्या हातांवरून येतात. भाजते त्या क्षणी उष्णतेने त्वचेवरचे बहुतेक जंतू मरतात. केसांच्या मुळाशी आणि घामाच्या ग्रंथींत खोलवर राहिलेले स्टॅफिलोकॉकस मात्र वाचतात आणि पहिल्या ४८ तासांतच जखमेवर पसरू लागतात. आठवड्याभरात सुडोमोनास, क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर यांची भर पडते. त्यांतले काही मुलाच्याच आतड्यातले असतात, काही सिंक आणि नळाच्या तोंडावरून, खाटेच्या कठड्यावरून हातांमार्फत पोहोचतात. ॲसिनेटोबॅक्टर तर कोरड्या पृष्ठभागावरही कित्येक आठवडे जगतो. आंघोळीच्या कढत पाण्याने कमरेखाली पोळलेल्या, लंगोट वापरणाऱ्या बाळाच्या ड्रेसिंगला शी लागली आणि ते तसेच राहिले, तर जंतूंना हवेची गरजच उरत नाही. असे ड्रेसिंग पुढच्या ठरलेल्या वेळेची वाट न पाहता तत्काळ बदलावे लागते.

दुसरी समजूत अधिक हानिकारक आहे: पहिल्या दिवसापासून जोरदार अँटिबायोटिक सुरू केले की संसर्ग होणारच नाही. खोल भाजलेल्या भागातली त्वचा मृत असते आणि तिच्यातल्या रक्तवाहिन्या बंद पडलेल्या असतात. त्यामुळे शिरेतून दिलेले औषध जंतू वाढतात त्या थरापर्यंत नीट पोहोचत नाही. शरीरात इतरत्र मात्र ते काम करत राहते: औषधाला बळी पडणारे जंतू मरतात, न जुमानणारे उरतात आणि कँडिडासारख्या बुरशीला मोकळे रान मिळते. म्हणूनच केवळ खबरदारी म्हणून सर्व भाजलेल्या मुलांना इंजेक्शनची अँटिबायोटिक द्यावीत, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे करत नाहीत. संसर्गाची लक्षणे दिसली, तर मात्र औषध विनाविलंब सुरू होते आणि कल्चरचा अहवाल आल्यावर नेमके केले जाते. डॉक्टर अँटिबायोटिक देत नाहीत म्हणजे हयगय करतात, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. खबरदारी म्हणून धनुर्वाताच्या लसीची चौकशी मात्र प्रत्येक वेळी व्हायलाच हवी.

ताप म्हणजे संसर्ग, हेही सरसकट खरे नाही. मोठ्या भाजण्यानंतर शरीराची चयापचय क्रिया इतकी वाढते, की संसर्ग नसतानाही अंग ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले राहू शकते. अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ मध्ये जंतुदोषाची शंका घेण्यासाठी जे निकष ठरवले, त्यांत ३९ अंशांच्या वरचे तापमान आहे, तसेच ३६.५ च्या खालचेही. अंग थंड पडणे ही सुधारणा नव्हे, ती अनेकदा ताप चढण्यापेक्षा वाईट खूण असते. कालपर्यंत खेळणे मागणारे मूल आज गप्प पडून राहणे, नळीतून दिलेले दूध न पचणे, पोट फुगणे, प्लेटलेट घटणे, रक्तातली साखर अचानक वाढणे या गोष्टी थर्मामीटरइतक्याच बोलक्या असतात. आई म्हणते, ‘आज हा वेगळाच वाटतोय’, तेव्हा ते वाक्य केसपेपरवर नोंदवण्याच्या योग्यतेचे असते.

जखमेचा स्वॅब पॉझिटिव्ह आला की घरचे हादरतात. उघड्या जखमेवर जंतू असणारच. ते वर राहत आहेत की खालच्या जिवंत ऊतींत शिरत आहेत, हा खरा प्रश्न असतो. जखमेचा रंग तपकिरी-काळा होणे, कडेची लाली पसरणे, उथळ भाजलेला भाग खोल होत जाणे, लावलेली त्वचा न धरणे या शिरकावाच्या खुणा आहेत. उलट, चांदीयुक्त मलमाच्या ड्रेसिंगखाली साचणारा पांढरट चिकट थर पाहून पू झाला असे वाटते, पण पुष्कळदा तो मलम आणि जखमेतल्या स्रावाचा साका असतो.

थोडेसेच पोळले आहे, म्हणजे धोका नाही, हा समज लहान मुलांच्या बाबतीत जिवावर बेतू शकतो. स्टॅफिलोकॉकसचे काही प्रकार एक विष तयार करतात. मोठ्यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे बहुधा असतात, लहानग्यांच्या रक्तात ती अजून तयार झालेली नसतात. त्यामुळे चहा सांडून शरीराचा १० टक्क्यांपेक्षा कमी भाग पोळलेल्या बाळालाही बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी टॉक्सिक शॉक सिंड्रोम होऊ शकतो: एकदम चढलेला ताप, अंगावर लाल पुरळ, उलट्या-जुलाब, मलूलपणा. जखम मात्र स्वच्छ दिसते आणि तिथेच फसगत होते. अनेकदा बाळ तोवर घरी गेलेले असते, म्हणून ही लक्षणे घरच्यांना आधीच सांगून ठेवणे डॉक्टरांचे काम आहे.

हातमोजे घातले की हात धुवायची गरज नाही, ही समजूत वॉर्डातली. त्याच मोज्यांनी एका मुलाचे ड्रेसिंग आणि दुसऱ्याची सलाईन हाताळली, तर मोजे केवळ घालणाऱ्याचे रक्षण करतात. मोजे घालण्यापूर्वी आणि काढल्यानंतर हात स्वच्छ करावेच लागतात. अल्कोहोलयुक्त द्रवाने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. नळ्यांचे गणितही असेच साधे आहे. शिरेतली नळी किंवा लघवीची नळी आज खरोखर लागते का, हे रोज विचारायचे आणि लागत नसेल तर काढायची. एकेकाळी भाजलेल्यांना मोठ्या टबात बुडवून जखमा धुण्याची पद्धत होती. टबातून सुडोमोनाससारखे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जातात हे कळल्यावर अनेक केंद्रांनी ती सोडून वाहत्या पाण्याचा मार्ग धरला.

शस्त्रक्रिया जितकी पुढे ढकलावी तितके बरे, अंगात ताकद येऊ द्यावी, असेही घरचे म्हणतात. हेतू मायेचा असतो, पण खोल भाजण्यात वेळ जंतूंच्या बाजूने काम करतो. पूर्वी मृत त्वचा आपोआप गळून पडण्याची वाट पाहत असत. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या मारिबॉर येथील झोरा यांझेकोविच यांनी मृत थर पहिल्या काही दिवसांतच तासून काढून लगेच त्वचारोपण करण्याची पद्धत रुजवली. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९७० चा. जखम लवकर झाकणे हा आजही संसर्ग टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे.

झाकण्यासाठी महागडेच साहित्य लागते, असेही नाही. मुंबईत डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग वापरले, तर शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांचे. या गोष्टी ऐकून घरी कच्चा बटाटा किसून लावणे मात्र साफ चूक आहे. रुग्णालयातली ही ड्रेसिंग निर्जंतुक केलेली असतात. घरच्या बटाट्याबरोबर माती आणि जंतू जखमेत जातात. हळद, टूथपेस्ट, शाई यांचेही तेच. पोळल्यावर लगेच २० मिनिटे साधे वाहते पाणी, एवढेच घरी करायचे असते.

भात, डाळ, दूध, अंडी यांनी जखम चिघळते म्हणून ते टाळण्याचे पथ्य खेड्यांत आणि शहरांत सारखेच पाळले जाते. मोठ्या भाजण्यात मुलाची ऊर्जेची गरज जवळपास दुप्पट होऊ शकते, आणि नवी त्वचा व प्रतिपिंडे प्रथिनांपासूनच बनतात. म्हणून दाखल झाल्यावर काही तासांतच तोंडाने किंवा नाकातल्या नळीने आहार सुरू करतात. आतड्यात अन्न पोहोचत राहिले, तर आतड्याचे अस्तरही शाबूत राहते. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये. आईला हात धुणे आणि एप्रन घालणे शिकवून तिला बाळाजवळ येऊ द्यावे.