पाठीवरची छपाई

बोरिवलीहून बोटीने गोराईची खाडी ओलांडून गावामागच्या किनाऱ्यावर गेलं, की भरतीच्या रेषेवर समुद्राने परत केलेला माल दिसतो : चपला, थर्माकोल, वेफर्सची पाकिटं. त्यातलं एक मी उचललं. एक बाजू फाटलेली, आत ओली वाळू; पण वर छापलेला बटाटा तकतकीत. अंगठ्याने घासला, वाळूने घासला, तरी रंग हलेना. हलणार कसा? तो पाकिटाच्या वरच्या अंगाला नव्हताच.

फाटलेल्या कडेला नख लावून नेटाने उकललं, तर दोन पापुद्रे सुटतात. बाहेरचा पारदर्शक, आतला चंदेरी, आणि शाई दोहोंच्या मधे. बाहेरची फिल्म पॉलिएस्टरची असली, तर तिची जाडी सहसा 12 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढी. चित्र तिच्या पाठीवर छापतात आणि मग मागून चंदेरी फिल्म चिकटवतात. बोट शाईला लागत नाही आणि शाई वेफर्सना लागत नाही.

छपाईवाले याला ‘रिव्हर्स प्रिंटिंग’ म्हणतात. ग्रॅव्ह्युअर यंत्रात प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा. त्यावर कोरलेल्या बारीक खळग्यांत शाई भरते, जादाची शाई ‘डॉक्टर ब्लेड’ नावाचं पातं निपटून काढतं. एरवी कागदावर सुलट उमटावं म्हणून सिलिंडरवर अक्षरं उलटी कोरावी लागतात. इथे मात्र ती सिलिंडरवर सुलट, फिल्मच्या पाठीवर उलटी आणि पुढून पाहिलं की पुन्हा सुलट!

रंगांचा क्रमही उफराटा. सर्वसाधारणपणे काळा आधी आणि पांढरा शेवटी. कागदावर पांढरा फुकट मिळतो, फिल्मवर तो मुद्दाम छापावा लागतो. कधी तो जाणूनबुजून गाळतातही. पाकिटावर सोन्यासारखी चमकणारी अक्षरं दिसली, की तिथे सोनेरी शाई असेलच असं नाही. पारदर्शक पिवळ्यामागे पांढरा सोडून दिला, की मागची चांदी सोनं होऊन डोकावते. मला तरी या धंद्यातली ही सर्वांत देखणी लबाडी वाटते.

ही युक्ती यंत्राच्या कितीतरी आधीची. काचेच्या पाठीवर चित्र काढण्याची कला अठराव्या शतकात चीनच्या व्यापारी वाटेने आपल्याकडे आली आणि मराठी मुलखातही रुजली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी काचचित्रं आहेत. साध्या चित्रात आधी चेहरा भरायचा आणि नथीचे मोती अगदी शेवटी ठेवायचे. काचेवर मोती पहिले, मग डोळ्यांच्या रेघा, मग गालांचा रंग, पार्श्वभूमी सगळ्यांत शेवटी. डाव्या खांद्यावरचा पदर चितारी स्वतःच्या डावीकडे काढणार, तेव्हा तो पाहणाऱ्याच्या उजवीकडे येणार. आणि एकदा गालांचा रंग चढला, की नथ विसरल्याचं आठवून उपयोग नाही.

हाताखाली येणाऱ्या वस्तूंना अजूनही हाच तोडगा लागू पडतो. मायक्रोवेव्हच्या सपाट कीपॅडवरचे आकडे बहुधा पारदर्शक पत्र्याच्या मागून छापलेले असतात, म्हणून ते वर्षानुवर्षं दाबूनही झिजत नाहीत.

पाकिटाची हीच घट्ट मिठी भंगारवाल्याला मात्र नकोशी. पापुद्रे आणि शाई वेगळी करणं परवडत नाही, म्हणून तो ही पाकिटं सहसा घेतच नाही.

किनाऱ्यावरचं ते पाकीट मी पालथं केलं. तारीख आणि किंमत माल भरताना छापतात, तीही बाहेरून. त्या चौकटीत आता नुसते करडे ठिपके उरले होते.