‘पडीक’ म्हणजे निर्जीव नव्हे

कुंभकोणमजवळच्या चोळपुरम् येथे राहून मी वाळवंटी डोंगरांविषयी लिहावे, हे काहींना विसंगत वाटेल. आमचा हा कावेरीचा त्रिभुज प्रदेश. येथे पाणी आणि भात यांखेरीज दुसरा विषय सहसा निघत नाही. परंतु कोरड्या भूमीचा मान राखणारे एक जुने वर्गीकरण याच परिसरातून जगापुढे आले. कुंभकोणमच्या महाविद्यालयात तमिळ शिकविणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १८९२ मध्ये ‘सिलप्पदिकारम्’ संपादून प्रसिद्ध केले. डोंगर आणि रान उन्हाने करपले की त्यांचीच ‘पालै’ भूमी होते, असे हे महाकाव्य सांगते. संघकवींनी या भूमीला निवडुंग, गिधाडे, रानकुत्री आणि तहानलेले हत्ती दिले. त्यांनी तिला रिकामी मानले नाही.

आपले सरकारी दप्तर मात्र तसे मानते. केंद्राच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात वाळवंटी वाळू, उघडे खडक आणि बर्फाच्छादित क्षेत्र हे सारे ‘पडीक’ या सदरात मोडते. या व्याख्येने लडाखचा मोठा भाग पडीक ठरतो. पण जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतातील ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. हिमबिबट्या जगतो भरल आणि आयबेक्सवर. ते जगतात खडकांच्या फटींतून उगवणाऱ्या विरळ गवतावर आणि खुरट्या झुडपांवर. हेच गवत चांगपा पशुपालकांच्या पश्मिना शेळ्यांनाही लागते. अल्प पाऊस आणि थंडी यांमुळे येथील वनस्पती अत्यंत मंद वाढतात. यंत्रांनी एकदा उखडलेली जमीन पूर्ववत होण्यास दशके लागू शकतात.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लडाखमधील १३ गिगावॉट अक्षय ऊर्जेसाठी पांगपासून हरियाणातील कैथलपर्यंत ७१३ किलोमीटरच्या पारेषण मार्गास मंजुरी दिली. खर्च २०,७७३ कोटी रुपयांहून अधिक. देशाला ही वीज हवी आहे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु राजस्थानचा धडा समोर आहे. तेथे वीजवाहिन्यांवर आदळून माळढोक मरू लागले. दीडशेच्या आसपास उरलेल्या या पक्ष्यासाठी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला वाहिन्या भूमिगत करण्याचा आदेश द्यावा लागला आणि मार्च २०२४ मध्ये तोच आदेश शिथिल करून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवावा लागला. प्रकल्प आधी आणि पाहणी नंतर, या क्रमाची किंमत पक्षी आणि प्रकल्प दोघांनीही मोजली.

लडाखमध्ये हा क्रम उलटा करता येईल. प्रथम वन्यजीवांचे मार्ग आणि चराईची कुरणे नकाशावर यावीत, चांगपांच्या ग्रामसभांचे म्हणणे नोंदले जावे. त्यानंतरच सौरपट्ट्यांची जागा ठरावी. त्याहूनही आधी ‘पडीक’ या सदरातून नैसर्गिक वाळवंट वगळावे. त्यासाठी पैसा लागत नाही, फक्त दप्तरातील एक नोंद बदलावी लागते.