यजमानाचे अंगण आणि शहरातील रंगमंच

पश्चिम राजस्थानातील जैसलमेर, बाडमेर आणि जोधपूर या जिल्ह्यांत लंगा व मांगणियार या दोन मुसलमान गायक-वादक जातींची वस्ती आहे. गायन हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय होय. लंगांचे यजमान मुख्यतः सिंधी सिपाही, म्हणजे मुसलमानच. मांगणियारांचे यजमान मात्र बहुतांशी राजपूत व इतर हिंदू. मुसलमान गायकाने हिंदू यजमानाच्या घरी देवदेवतांची गीते गावीत, यात तेथे कोणाला काही विशेष वाटत नाही.

कलावंत आणि श्रोता यांची गाठ कोणी घालून द्यावी, हा प्रश्न या व्यवस्थेत उद्भवतच नसे. ती जन्मतःच पडलेली असे. यजमानाच्या घरी जन्म वा विवाह असला की त्या कुळाच्या गायकाने हजर व्हावे, वंशावळीसह यजमानाचे स्तवन करावे, त्या त्या विधीची गीते गावीत आणि मोबदल्यात धान्य, पैसा, शेळ्यामेंढ्या, क्वचित उंट स्वीकारावा, असा रिवाज होता. भावाभावांत वाटणी होताना यजमानांची घरेही वाटून घेतली जात. हा संबंध समानतेचा होता असे मुळीच नाही. ‘मांगणियार’ या शब्दातच मागणे आहे. तथापि त्यात पोटाची शाश्वती होती, आणि गाण्यातील बारकावे ओळखणारा श्रोताही होता.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. 1952 च्या कायद्याने राजस्थानातील जहागिऱ्या संपुष्टात येऊ लागल्या आणि यजमानांची ऐपत घटली. याच सुमारास या संगीताकडे एका अभ्यासकाचे लक्ष गेले. कोमल कोठारी आणि कथाकार विजयदान देथा यांनी 1960 मध्ये जोधपूरजवळील बोरुंदा या खेड्यात रूपायन संस्थान स्थापन केले. कोठारींनी गावोगाव हिंडून गीते ध्वनिमुद्रित केली आणि कलावंतांना शहरांतील व पुढे परदेशांतील रंगमंचांवर नेले. कोणत्या घराण्याकडे कोणती गीते आहेत आणि ती कोणत्या प्रसंगी गायची असतात, याची त्यांना जाण होती. मध्यस्थाच्या अंगी नेमकी हीच जाण हवी. ती पुढे सर्वांपाशी राहिली असे म्हणवत नाही.

पुढे शासनही या कामी उतरले. 1982 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 1985 पासून फ्रान्स व अमेरिकेत भारत महोत्सव भरले. याच दशकाच्या मध्यास विभागीय सांस्कृतिक केंद्रे निघाली. त्यांपैकी उदयपूरच्या पश्चिम क्षेत्र केंद्राच्या कक्षेत राजस्थान व गुजरातबरोबर महाराष्ट्र आणि गोवाही येतात. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यावर 2007 पासून शरद पौर्णिमेच्या सुमारास लोकसंगीताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होऊ लागला.

रंगमंचाने कलावंतास नवा श्रोता दिला, पण गाणे त्या श्रोत्याच्या मापाने कापले गेले. अंगणात रात्रभर चालणारी बैठक येथे काही मिनिटांत आटोपावी लागते. भाषा न जाणणाऱ्या श्रोत्याला द्रुत लय भावते. म्हणून खडताल आणि ढोलक पुढे आले, व कमायचा मागे पडला. कमायचा हे मांगणियारांचे खास वाद्य: लाकडी गोल पोट, त्यावर शेळीचे कातडे, आतड्याच्या तारा आणि गजाने काढलेला खर्जातील घुमारा. त्याच्या जागी हार्मोनियम घेणे सोयीचे पडते, कारण ती बाजारात सहज मिळते. हमीरा गावच्या साकर खाँ यांना कमायचावादनासाठी 2012 मध्ये पद्मश्री मिळाली, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची आहे. घरात गाणाऱ्या स्त्रिया तर रंगमंचावर क्वचितच दिसतात, आणि विवाहगीतांचा मोठा साठा त्यांच्याचपाशी आहे!

दुसरा प्रश्न पैशाचा. आयोजक बहुधा एकाच पथकप्रमुखाशी बोलतो. कोणाला बरोबर न्यायचे आणि बिदागीतील वाटा किती द्यायचा, हे तो प्रमुख ठरवतो. साहजिकच ज्याला हिंदी बोलता येते, कागदपत्रे हाताळता येतात, तो पुढे जातो. उत्तम गाणारा, पण अबोल असा वृद्ध गावातच राहतो. आयोजकाने स्वतः गावी जाऊन ऐकले तर ही उणीव पुष्कळशी भरून निघते. मात्र त्यासाठी चार दिवसांची सवड आणि वाळवंटातील प्रवासाची तयारी लागते.

यजमानपद मात्र अद्याप पुरते संपलेले नाही. परदेश दौरे केलेले कलावंतही यजमानाच्या घरच्या विवाहास जातात. तेथे मिळणारी रक्कम कित्येकदा महोत्सवातील बिदागीहून कमी असते. पण न गेल्यास ते घर आपल्या मुलांच्या वाट्याला राहणार नाही, याची त्यांना जाणीव असते.